जिभांच्या रांगेसमोर

माणसाचा चेहरा आणि माणसाची जीभ यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, हे मला चाळिशीच्या तोंडावर कळलं. तोवर मी माणसं चेहऱ्यावरून ओळखत होतो आणि सुखी होतो. मग आमच्या फादरनी मला वेदीच्या पायरीवर उभं केलं, हातात भाकरीचा प्याला दिला, आणि समोर भिवंडीतल्या यच्चयावत कॅथलिकांनी रांग लावून जिभा बाहेर काढल्या.

मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना, संपत आली की भाविक पुढे येतात. धर्मगुरू पांढऱ्या, पातळ, रुपयाएवढ्या भाकरीची एकेक चकती उचलून 'ख्रिस्ताचं शरीर' म्हणतो, समोरचा 'आमेन' म्हणतो आणि जीभ पुढे करतो. तीवर ती चकती, आमच्या लेखी साक्षात देव, ठेवायची. हातावर घेण्याची मुभा तेव्हा येऊ घातली होती, पण आमच्याकडे कुणी घेत नसे. देवाला हात कसा लावायचा, असं म्हणत. जीभ लावायला कुणाची हरकत नव्हती.

आमचं चर्च लहान, फादर एकटेच. तिकडे वडप्याच्या पुढच्या पाड्यांवरही त्यांनाच जावं लागे. म्हणून बिशपांच्या परवानगीनं आमच्यासारख्या संसारी माणसांना भाकर वाटायला नेमायचं ठरलं. फादरनी चर्चमध्ये विचारलं, 'कोण तयार आहे?' सगळे चप्पल शोधू लागले. मी मात्र हात वर केला. माझं असं नेहमी होतं. कुणी 'कोण तयार आहे' म्हटलं की माझा हात माझ्या आधी उठतो.

आणि हात तरी कसला! कामतघरला एका सायझिंग कारखान्यात मी खळ शिजवायचो. लूमवर चढायच्या आधी ताण्याच्या सुताला खळ लावतात, नाहीतर सूत पटापट तुटतं. मोठ्या टाकीत स्टार्च, पाणी, आणि सूत मऊ राहावं म्हणून बकऱ्याची चरबी. ती डब्यात गोठलेली यायची, पिवळट, कडेनं केस चिकटलेली. ती मी कोपरापर्यंत हात घालून खरवडून काढायचो आणि तेच हात पुसून डबा खायला बसायचो. मला काही वाटत नसे. माझी बायको मात्र लग्नाच्या पहिल्या वर्षापासून पाठ करून झोपत आली आहे आणि त्याला ती देवभक्तीचं काहीतरी कारण देत असे.

याआधी मी चर्चमध्ये बायबलवाचन करायचो. ते का सुटलं तेही सांगून टाकतो. एकदा कामावरून तसाच चर्चमध्ये गेलो. मिस्सेच्या निवडक उताऱ्यांच्या पुस्तकात आब्राहामाची गोष्ट होती. देव त्याची परीक्षा बघतो, एकुलत्या एक पोराचा बळी दे म्हणतो. मी अगदी रंगात येऊन वाचत होतो. बापानं पोराला लाकडांवर बांधलं, सुरा उचलला, मी पान उलटलं, आणि एकदम समुद्र दुभंगला आणि इस्राएलचे लोक कोरड्या जमिनीवरून चालत निघाले. माझ्या बोटांच्या खळीनं दोन पानं एकमेकांना चिकटली होती आणि मी पुढच्याच गोष्टीत शिरलो होतो. मला वाचताना काही वावगं वाटलं नाही. देवाचं काय, तो काहीही करू शकतो.

बाहेर पायरीवर मावशीनं गाठलं. मावशी म्हणजे आमच्या चर्चची न नेमलेली मुकादम. वेदीचे कपडे धुणं, मेणबत्त्यांचं मेण खरवडणं आणि आल्यागेल्याची हजामत करणं ही तिची कामं. जवळच्याच गावातली, विधवा, मुलगा लूमवर कामाला, दातांना मिश्री, आणि सगळ्या भिवंडीत ऐकू जाईल असा आवाज.

'काय रं, त्या पोराचं काय झालं?'

'कुठल्या पोराचं, मावशी?'

'तू बांधून ठेवलास त्या! सुरा वर केलास नि गेलास समुद्रावर फिरायला. मेलं का वाचलं, ते तरी सांगायचंस!'

त्यानंतर मला वाचायला कुणी बोलावलं नाही.

तर भाकर वाटायचं शिक्षण द्यायला आम्हाला ठाण्याला शिबिराला नेलं. सकाळच्या तासाला शिकवलं की भाकर जमिनीवर पडली तर पायाखाली येऊ द्यायची नाही, उचलून आपण स्वतः खायची. हे मी लक्ष देऊन ऐकलं. मग जेवण झालं. जेवणात डुकराचं मटण होतं. दुपारचा तास होता आजाऱ्यांच्या घरी भाकर कशी न्यायची यावर, आणि तो सगळाच्या सगळा मी झोपलो. शेजारच्यानं सांगितलं की झोपेत मी दोनदा 'आमेन' म्हणालो.

माझा पहिला रविवार. दोन रांगा लावायच्या होत्या, एक फादरपुढे, एक माझ्यापुढे. फादरपुढची रांग दारातून बाहेर अंगणात गेली. माझ्यापुढे चिटपाखरू नाही. मी आपला प्याला धरून उभा, लग्नात पंगतीला पाणी वाढायला नेमलेल्या आणि कुणाला तहान न लागलेल्या माणसासारखा. शेवटी फादरनी डोळे वटारले तेव्हा मागच्या दहापंधरा जणांनी नाइलाजानं रांग बदलली.

आणि मग त्या जिभा. देवा रे. सायझिंगच्या फोरमनची जीभ पांढऱ्या सायीनं लडबडलेली. गुटख्यानं चिरलेली एक, तिच्या भेगांत सुपारीचा चुरा. एक वळवळणारी, जिच्यावर नेम धरावा लागे. एक बाई जीभ बाहेरच काढत नसत, नुसतं तोंड किलकिलं करत आणि बोट आत गेलं की मिटत. एका तरण्याबांड माणसाची जीभ वासरासारखी हनुवटीपर्यंत आली आणि माझ्या बोटांची दोन पेरं चाटून आत गेली. लाळेची तार तुटेना. त्याच ओल्या बोटांनी मी पुढची चकती उचलली आणि पुढच्याच्या तोंडात दिली. त्यानं डोळे मिटून, भक्तीनं, मागच्याची लाळ गिळली. चरबीत हात घालून वर डबा खाणारा मी, आणि माणसाच्या थुंकीनं गार झालो.

पण किळस एकतर्फी नव्हती, हे मला मिस्सा संपल्यावर कळलं. मावशी वेदीची चादर घडी घालत फादरना सांगत होती, मला ऐकू जाईल अशा बेतानं. 'ह्याच्या हाताला बोकडाचा वास येतोय, फादर. देव घेऊ का खिमा घेऊ?'

पुढचा आठवडा मी हात घासण्यात घालवला. साबण, राख, लिंबाच्या साली. वास जाईना. शनिवारी धामणकर नाक्यावर एका अत्तरवाल्याकडे गेलो. त्यानं हिन्याची कुपी उघडली नि म्हणाला, 'भाईजान, एक बूंद काफी है. दो दिन नहीं जाएगी.' मी चरबीचा विचार केला आणि अर्धी कुपी दोन्ही हातांना चोळली.

रविवारी भाकरीनं तो वास असा पकडला की विचारू नका. पहिली बाई 'आमेन' म्हणाली आणि तिचा चेहरा अगरबत्ती चावल्यासारखा झाला. मागून खोकला सुरू झाला. फोरमन जागेवर जाऊन बसला आणि सरळ रुमालात शिंकू लागला. सगळ्यात हाल झाले फादरचे. वाटून झालं की प्याला पाण्यानं विसळून ते पाणी धर्मगुरूनं प्यायचं असतं, कणही वाया जाता कामा नये म्हणून. फादरनी तो हिन्याचा काढा लोकांसमोर एका दमात प्यायला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. लोकांना वाटलं, प्रार्थना चालली आहे.

'मुजरा आहे की मिस्सा?' नंतर त्यांनी विचारलं. एवढंच. काढून काही टाकलं नाही. दुसरा कुणी मिळत नव्हता.

मावशीनं मात्र त्या दिवशी वेदीसमोर जाहीर करून टाकलं, 'मी मरताना देव घेतल्याबिगर मरायची न्हाय, आन् ह्याच्या हातून घ्यायची न्हाय.'

हे बोलणं तिलाच महागात पडलं. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू झाला आणि मावशीचं डावं अंग गेलं. अर्धं तोंड वाकडं, शब्द जड, चालणं बंद. फादर दर रविवारी तिच्या चाळीत भाकर घेऊन जात. मग वडप्याच्या हमरस्त्यावर ट्रकवाल्यानं त्यांच्या स्कूटरला कट मारला आणि फादर पाय प्लास्टरमध्ये घालून खाटेवर पडले. रविवारच्या मिस्सेला कल्याणहून एक धर्मगुरू येत आणि संपताक्षणी परत जात. घरोघरचे आजारी उरले माझ्या वाट्याला.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मावशीनं मला बघितलं, तोंड मिटलं आणि भिंतीकडे वळली. सून ओशाळली. 'आई, भाऊ आलेत बघा, चर्चमधून.' मावशी भिंतीला म्हणाली, 'अर्ध्या गोष्टीवाला.' अर्ध्या तोंडानंही तिचा बाण बरोबर लागला.

मी दुःखी चेहरा केला. आतून मला सुटल्यासारखं झालं होतं. ते तोंड मी पाहिलं होतं ना! वाकड्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, तिच्यात मिश्रीचा काळा आणि कसल्याशा औषधाचा गुलाबी ओघळ. उशीवर डाग. खोलीत मूत, नाचणीची आंबील आणि बाम यांचा मिळून एक वास. पुढच्या वेळीही ती भिंतीकडे वळली आणि पुढच्या वेळीही मी तिच्या पाठीचे मनोमन आभार मानले.

ईस्टरच्या आदल्या दिवशी सून सायझिंगच्या गेटवर आली.

'भाऊ, उद्या याल ना? आई हो म्हणाल्या.'

'माझ्या हातून?'

'दोन दिवस झाले, पाणीसुद्धा नीट उतरत न्हाय. डॉक्टरांनी मान हलवली. रात्रभर एकच चाललंय. ईस्टरला देव पोटात गेला न्हाय तर मी वर जाऊन काय तोंड दाखवू. फादरना उचलून आणा म्हणत होत्या. मी म्हटलं, आई, चार माणसं लागतील, आपली चाळ तरी सोसेल का? तवा म्हणाल्या, मग त्या बोकडाला बोलवा.'

बोकड ईस्टरला सकाळी दाढी करून, हात लिंबानं घासून, अत्तराच्या वाटेला न जाता हजर झाला. छातीशी पितळी डबी. तिच्यात दोन चकत्या, एक मावशीची आणि एक सुनेची.

सुनेनं पाटावर पांढरं फडकं घालून मेणबत्ती लावली होती. मावशीला उशांवर टेकवून बसवलं होतं. मी प्रार्थना म्हटली, चकती उचलली. 'ख्रिस्ताचं शरीर.' मावशीनं 'आमेन'सारखा काहीतरी आवाज केला आणि तोंड उघडलं.

मी श्वास रोखला, नजर तिच्या कपाळावर ठेवली आणि चकती आत सोडली. सोडली म्हणजे टपालपेटीत पत्र टाकतात तशी. बोट लागू नये, एवढीच काळजी.

ती कोरडी चकती टाळूला जाऊन बसली. मावशी जिभेनं ढकलू लागली. अर्धीच जीभ चालत होती. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. मग ठसका लागला, डोळे पांढरे झाले, आणि मी काय करतोय हे कळायच्या आत तिच्या हनुवटीखाली ओंजळ धरली. माझ्या तळव्यावर एक कोमट, काळपट गुलाबी, बुळबुळीत लगदा पडला. त्याच्यात नाचणीचे कण होते.

मी बघत राहिलो. सून बघत राहिली. मावशी तर डोळे फाडून बघत होती.

फेकायचं कुठं? ते फेकता येत नाही. फडक्यात गुंडाळायचं? मला काही सुचेना. डोक्यात ठाण्याचा सकाळचा तास तेवढा होता. पडलेलं उचलायचं आणि आपण खायचं. दुपारच्या तासाच्या जागी डुकराच्या मटणाची गुंगी होती.

मी ते खाल्लं.

चव सांगत नाही. ज्यांना सांगितली त्यांनी नंतर माझ्याबरोबर जेवणं टाळलं. दातांना न लावता घशात ढकललं तर ते अर्ध्यात थांबलं, दुसऱ्यांदा गिळलं, मग गेलं. डोळ्यांतून पाणी. सुनेला वाटलं, भाऊंना भरून आलं.

आणि मावशी रडायला लागली. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. तोंडाची एकच बाजू रडत होती. जड शब्दांत ती सुनेला सांगत होती, 'ऱ्हात न्हाय गं. माझ्या तोंडात ऱ्हात न्हाय तो. मला नको म्हणतोय.'

खरं सांगतो, मला दारातून पळायचं होतं. पोटात मळमळ, हातावर तो ओला चिकटपणा, समोर ते तोंड पुन्हा उघडं. पण मी आयुष्यभर पीठ आणि पाणी याशिवाय केलं काय? कोरडं पीठ ओल्या जागी गेलं की गोळा होऊन चिकटणारच. त्याला आधी पाणी दाखवावं लागतं. एवढी एकच विद्या मला अवगत, आणि नेमकी तीच मी टपालपेटीच्या नादात विसरलो होतो.

'मावशी, देव नको म्हणत नाही. देव कोरडा होता,' मी म्हणालो. 'वहिनी, वाटीत जरा पाणी द्या.'

दुसऱ्या चकतीचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा मोडला, बोटावर घेऊन पाण्यात बुडवला. मऊ होऊ दिला. मग ते बोट, पेरापर्यंत, तिच्या तोंडात घातलं. आतलं सगळं माझ्या बोटाला लागलं. गरम, चिकट, एका बाजूला मेलेलं आणि एका बाजूला जिवंत. चालत्या बाजूला, जिभेच्या मुळाशी, तुकडा टेकवला. मावशीनं उरलेल्या दातांनी माझं बोट पकडलं. सोडेना. गळ्याची घाटी एकदा वर गेली, खाली आली. मग सोडलं.

आणि तिनं जीभ बाहेर काढून मला दाखवली, औषध गिळलं हे पटवायला लहान पोरं दाखवतात तशी. वाकडी, काळी, पांढऱ्या ठिपक्यांची. तशी ओंगळ जीभ मी त्याआधी पाहिली नाही आणि त्यानंतरही नाही. तिच्यावर काही नव्हतं.

'गेला,' मी म्हणालो.

उरलेली चकती सुनेला दिली, वाटीतलं पाणी पिऊन टाकलं, कारण तेही टाकता येत नाही, आणि बाहेर आलो.

आता माझी पंचाईत सुरू झाली. मला ओकारी येत होती, आणि ओकायची सोय नव्हती. आत कोण होतं! ज्याला मावशीच्या तोंडातून वाचवलं त्याला मी कामतघरच्या गटारात टाकणार होतो का? शेअर रिक्षात बसलो, ओठ घट्ट मिटून. शेजारच्या बाईच्या मांडीवर सुकटीची पिशवी. पलीकडचा माणूस दर खड्ड्याला पानाची पिंक टाकत होता आणि वारा माझ्या दिशेनं होता. रिक्षावाल्यानं आरशात माझं तोंड पाहिलं.

'सेठ, उल्टी आ रही है तो बाहर करना. गाडी धोयेली है.'

मी मान हलवली.

'रोकना मत, सेठ. निकल जाने दो, हलका लगेगा.'

मी जोरजोरात मान हलवली. सुकटवाल्या बाईनं पाय आखडून घेतले. धामणकर नाक्याला ट्रक आडवा लागला होता. तिथं उन्हात, गटाराशेजारी, रिक्षा थांबून राहिली आणि मी सगळ्या संतांची नावं घेतली. आठवेनात तेव्हा सुताच्या जाडीचे नंबर म्हणत बसलो.

फादर खाटेवर पाय टांगून पडले होते. मला पाहून उठायला गेले.

'गिळलं का तिनं?'

'गिळलं,' मी म्हणालो. 'आधी मी गिळलं.'

सगळं ऐकल्यावर त्यांनी उशी तोंडावर दाबली. प्लास्टर हादरत होतं. मग उशी काढून म्हणाले, 'अरे, आजाऱ्याच्या तोंडातून आलेलं पाण्यात टाकायचं. विरघळलं की झाडाच्या मुळाशी ओतायचं. दुपारच्या तासाला शिकवलं नाही का?'

मी खिडकीबाहेर बघितलं. अंगणात चर्चचं पेरूचं झाड उभं होतं.

'मला या कामातून सोडवा, फादर. मला किळस येते.'

'येऊ दे,' ते म्हणाले. 'पुढच्या रविवारी तीन चकत्या ने. एक वाया जाईल असं धरून.'

डॉक्टरांनी मान हलवली होती, तरी मावशी चांगली दिवाळीपर्यंत राहिली. मी दर रविवारी जात होतो. दारात पाय ठेवला की किळस यायची, आणि शेवटच्या रविवारपर्यंत येत राहिली. सवय झाली, प्रेम वाटू लागलं, असलं काही माझ्या बाबतीत घडलं नाही. फक्त ईस्टरनंतरच्या पहिल्याच खेपेला पाटावर मेणबत्तीशेजारी पाण्याची वाटी होती आणि एका बशीत चिरलेलं लिंबू.

'हे कशाला, वहिनी?'

सून खाली बघत हसली. मावशीनं चालता हात पांघरुणातून काढून माझ्या हातांकडे बोट दाखवलं.

'आधी ते बोकड धू,' ती म्हणाली. 'मग मी तोंड उघडते.'